डिस्क वापरात आहे

१

शुक्रवारी संध्याकाळी अकोल्यात, बैदपुऱ्यातल्या आपल्या खालाच्या, मावशी नसीमबानोच्या घरी, गजालानं पिशवीतून डिस्क काढून कम्प्युटरला जोडली आणि दोन वर्षांचं काम गेलेलं तिला दिसलं.

पडद्यावर एक चौकट आली होती. ही डिस्क वाचता येत नाही, ती कोरी करून घ्यायची का, असं तीत विचारलं होतं. वायर सैल असेल म्हणून गजालानं ती काढून पुन्हा बसवली. चौकट पुन्हा आली. तिसऱ्यांदा वायर काढायला तिनं हात पुढे केला तेव्हा खालानं तिचं मनगट धरलं.

"काईच दाबू नको," नसीमबानो म्हणाली. "हो नको, नाही नको. हात मागं घे."

नसीमबानोनं उर्दू शाळेत गणित शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर घराच्या ओसरीत मुलींसाठी कम्प्युटरचे वर्ग चालवले होते. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, पण बैदपुऱ्यात कुणाचंही यंत्र अडलं की तिचं दार वाजायचं. यंत्राला हात लावण्याआधी ती माणसाला प्रश्न विचारायची आणि खरं उत्तर मिळेपर्यंत थांबायची. पण आज गजाला खुर्चीवरून उठून भिंतीला टेकून बसली होती.

डिस्कमध्ये होत्या बाया. हिवरखेडच्या, मोर्शीकडच्या, मधल्या कितीतरी गावांतल्या. मागच्या दोन हंगामांत त्यांच्या शेतात कपाशीची पऱ्हाटी छातीइतकी वाढली आणि बोंडं धरलीच नाहीत. बियाणं बोगस होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी कागदावर आणत नव्हतं. अमरावतीतल्या एका संस्थेसाठी गजाला कॅमेरा घेऊन गावोगाव फिरली आणि बाया बोलल्या. संस्थेकडे कॅसेटा मोजक्याच, म्हणून चित्रण डिस्कवर उतरवायचं आणि त्याच कॅसेटा पुन्हा वापरायच्या, अशी रीत पडली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मंगळवारी अमरावतीत चौकशी समितीसमोर हे सगळं दाखवायचं होतं आणि त्याआधी खालाच्या यंत्रावर प्रती काढायला गजाला अकोल्याला आली होती.

तिनं केशवरावांना फोन लावला. केशवराव म्हणजे संस्थेचे प्रमुख, कृषी खात्यातले निवृत्त अधिकारी. गजालाचे वडील वारल्यावर तिच्या भावांनी तिचं गावोगाव फिरणं बंद करायचं ठरवलं होतं. तेव्हा केशवराव स्वतः अकोल्याला येऊन भावांसमोर बसले होते आणि ही माझी मुलगी आहे, हिची जबाबदारी माझी, असं म्हणाले होते. त्या दिवसापासून ती त्यांना काका म्हणे.

फोनवर ती रडली. केशवराव मोर्शीच्या बसमध्ये होते. लेकीकडे निघाले होते, नातवाला ताप होता. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"होते चूक, बेटा," ते म्हणाले. "कोनाच्याही हातून होते. तू रडू नको."

फोन ठेवल्यावर खालानं विचारलं, चूक म्हणजे कोणती? गजालानं सांगितलं. दुपारी अमरावतीच्या ऑफिसात तिनं डिस्क तशीच ओढून काढली होती. काढण्याआधी कम्प्युटरला सांगावं लागतं, ते तिनं सांगितलं होतं. पण कम्प्युटर ऐकेना. डिस्क वापरात आहे, थोड्या वेळानं पाहा, एवढंच तो म्हणत राहिला. तिनं उघडं होतं ते सगळं बंद केलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकत होता. लाइट गेली होती, इन्व्हर्टर संपत आल्याची टीटी करत होता. अकोल्याची गाडी चुकणार होती. शेवटी तिनं ओढली.

नसीमबानोनं डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मेली काहून, ते समजलं मले," ती म्हणाली. "ती निघत काहून नव्हती, ते सांग."

२

गजालाला या प्रश्नाचा अर्थ त्या संध्याकाळी कळला नाही. खालानं तो पुन्हा विचारलाही नाही. तिनं आपल्याकडची एक दुरुस्तीची प्रणाली डिस्कवर सोडली आणि गजालाला जेवायला बसवलं. जेवताना तिनं समजावून सांगितलं ते इतकंच, की कम्प्युटर आळशी असतो. लिहिलं म्हणून सांगतो आणि थोडं आपल्याजवळच ठेवून सवडीनं लिहितो. वायर ओढली तेव्हा त्याचं लिहिणं अर्ध्यावर होतं. पुस्तक बहुतेक शाबूत असेल, अनुक्रमणिकेचं पान फाटलं आहे.

शनिवारी सकाळी चहा उकळत असताना पडद्यावर फायलींची नावं एकेक करून परत येऊ लागली. हिवरखेड आलं. मोर्शी आली. सगळ्यांत शेवटी 'संत्री' नावाचं एक चित्रण आलं आणि गजाला पुन्हा रडली, पण या वेळी तोंडावर ओढणी धरून, हसत.

'संत्री'मध्ये संत्री नव्हती. मोर्शीजवळच्या एका बागेत, झाडाखाली बसलेला देवमन नावाचा माणूस होता. तो बियाण्याच्या गोदामात कामाला होता. मुदत संपलेली सरकी रंग लावून नव्या पिशव्यांत कशी भरली जाते, कोणाच्या सांगण्यावरून, कुठल्या खोलीत, हे तो कॅमेऱ्याकडे पाहून सांगत होता. बाकी बाया काय भोगलं ते सांगत होत्या. गुन्हा कसा झाला हे सांगणारा हा एकटा होता. माझा चेहरा कोणाला दिसू नये, या एकाच अटीवर तो बोलला होता. म्हणून गजालानं स्वतः त्याची एक काळवंडलेली प्रत तयार केली होती. तीत नुसता बसलेल्या माणसाचा काळा आकार दिसे, आवाज बदललेला असे आणि त्यानं घेतलेली नावंही गाळलेली होती. ऑफिसात सगळ्यांनी तीच प्रत पाहिली होती. मूळ चित्रण तिनं कोणालाही दाखवलं नव्हतं.

नसीमबानोनं दोन्ही प्रती शेवटपर्यंत पाहिल्या. मूळ चित्रणात देवमननं डोळे पुसायला उजवा हात वर केला तेव्हा तिनं चित्र थांबवलं. हात मनगटापर्यंत भाजल्यासारखा होता, कातडी पांढरी पडून सोललेली.

"रंगाच्या औषधानं," गजाला म्हणाली. "तो हात मांडीखाली लपवून बसला होता. तेवढाच एकदा वर आला."

त्याच वेळी तिचा फोन वाजला. पलीकडे देवमनची बायको पार्बताबाई होती. ती ओरडत नव्हती, म्हणून गजालाला जास्त भीती वाटली. सकाळी मालकानं देवमनला गोदामात बोलावलं होतं. बागेत बसून तो काय काय बोलला ते मालकानं त्याला जसंच्या तसं ऐकवलं आणि दोन माणसं त्याच्या अंगावर सोडली. देवमन तिथून निसटला आणि चिखलदऱ्याकडे, आपल्या मेव्हण्याकडे निघून गेला.

"तुमीच सांगतलं का, ताई?" पार्बताबाईनं विचारलं. "नसन तर कोन सांगतलं?"

३

दुपारच्या बसनं दोघी अमरावतीला निघाल्या. मूर्तिजापूर गेल्यावर गजालानं स्वतःच विचारलं, की खाला, काल डिस्क निघत नव्हती म्हणजे नेमकं काय?

नसीमबानो म्हणाली, कम्प्युटर खोटं बोलत नसतो. वापरात आहे म्हणाला तर वापरात होती. तू तुझ्याकडचं सगळं बंद केलंस, तरी दिवा लुकलुकत होता. म्हणजे वापरणारी तू नव्हतीस. तुमच्या ऑफिसातले कम्प्युटर तारेनं एकमेकांना जोडलेले आहेत आणि डिस्क सगळ्यांसाठी खुली आहे. दुसऱ्या खोलीत बसून कोणीतरी तीतलं काही उघडलं होतं.

"डिस्क बिघडली हा अपघात होता, पोरी. चोरी आधीच चालू होती. तुले नुसती तिची चाहूल लागली."

मग तिनं ताकीद दिली. डिस्क दुरुस्त झाली हे कोणाला सांगायचं नाही. देवमनचंही नाही. मेलेल्या डिस्कचं सुतक आहे असंच वागायचं.

ऑफिस राजकमल चौकामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. पुढची खोली मोठी, रस्त्याकडे खिडक्या असलेली. मागची खोली पूर्वी कोठीची होती, तिला खिडकी नव्हती. नसीमबानो आधी सगळीकडे फिरली. इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते तिनं स्विच दाबून पाहिलं. गजालाचा कम्प्युटर, कम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या तारांचा डबा आणि पुढचा पंखा, एवढंच चालत होतं. लाइट गेली की मागच्या खोलीत काळोख होई.

काल दुपारी गजालाशिवाय तिघं ऑफिसात आले-गेले होते. त्यांतल्या दोघांना खालानं समोर बसवलं.

मोनाली चित्रण कापून जोडण्याचं काम करायची, मागच्या खोलीतल्या कम्प्युटरवर. डिस्क गेल्याचं कळल्यापासून तिचे डोळे सुजलेले होते. तिला वाटत होतं संशय तिच्यावरच येणार, कारण डिस्कमधलं चित्रण तारेवरून घेऊन काम करणारी ती एकटीच. तिनं सांगितलं की लाइट गेली आणि तिचा कम्प्युटर धपकन बंद पडला. अंधारात बसून करायचं काय, म्हणून ती खाली मैनाबाईंकडे गेली. मैनाबाई फुलांचे हार करून विकतात, त्यांच्या ओट्यावर वारा असतो. ती तिथं गाठी मारत बसली आणि लाइट आल्यावरच वर आली. तोवर गजालाताई निघून गेल्या होत्या. मैनाबाईंना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं, वर मोनालीच्या गाठी सैल असतात अशी तक्रार केली.

कुंदन अकोल्याचा, इंजिनिअर. नोकरी सोडून संस्थेत आलेला. तारांचं जाळं त्यानंच बसवलं होतं आणि ऑफिसात लॅपटॉप असलेला तो एकटा. नसीमबानोनं हे ऐकलं तेव्हा गजालानं मान वर करून कुंदनकडे पाहिलं. लॅपटॉपला लाइट लागत नाही.

पण काल दुपारी आपण एसटी स्टँडवर होतो, असं कुंदननं सांगितलं. मोर्शीच्या बाया सुनावणीसाठी आधीच येणार होत्या, त्यांना उतरवून धर्मशाळेत पोचवायचं होतं. बायांनी त्याला दुजोरा दिला. त्यानं त्यांना रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला होता. लॅपटॉप मात्र तो बरोबर घेऊन गेला नव्हता. मागच्या खोलीत टेबलावर, तार जोडून, तसाच ठेवून गेला होता.

"परत आला तेव्हा कसा होता?" नसीमबानोनं विचारलं.

कुंदन आठवू लागला. जाताना बॅटरी भरलेली होती. आल्यावर लॅपटॉप सुरूच होईना, बॅटरी पार संपलेली. त्याला वाटलं, बॅटरीचं आयुष्य सरलं. इअरफोन त्यानं पिशवीत ठेवला होता, तो टेबलावर पडलेला दिसला, पण त्याचंही त्याला तेव्हा काही वाटलं नाही.

गजालानं खालाकडे पाहिलं. खाला मागच्या खोलीच्या दाराकडे पाहत होती. काल दुपारी त्या खोलीत एकच माणूस होता, आणि तो आत्ता जिना चढून वर येत होता.

४

केशवराव मोर्शीहून थेट ऑफिसात आले होते. त्यांनी गजालाच्या डोक्यावर हात ठेवला, नसीमबानोला आदाब म्हणून नमस्कार केला आणि मोनालीला चहा सांगायला पाठवलं. नातवाचा ताप उतरला होता. ते थकलेले दिसत होते आणि त्यांच्या थकव्यात काही खोटं नव्हतं.

नसीमबानोनं त्यांना फारसं काही विचारलं नाही. काल दुपारी ते काय करत होते, इतकंच विचारलं. केशवरावांनी सांगितलं की ते मागच्या खोलीत बसून बायांच्या जबान्यांचे टाइप केलेले कागद वाचत होते. मंगळवारी समितीसमोर बोलायचं तर सगळं तोंडपाठ हवं. लाइट गेल्यावरही वाचत होतात का, असं तिनं विचारलं. हो, म्हणाले, गजालाची निघायची वेळ होईपर्यंत. कम्प्युटरशी त्यांचा काही संबंध नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आलेली ई-मेलसुद्धा मोनाली त्यांना वाचून दाखवायची. मला माऊस धरता येत नाही, असं ते स्वतःच हसत सांगत.

मग ते गजालाकडे वळले. गेलं त्याचं वाईट वाटून घेऊ नको, म्हणाले. बाया प्रत्यक्ष येतील, उभ्या राहून बोलतील, समितीला तेवढं पुरे.

"त्या गोदामवाल्याचं चित्रण गेलं, त्याचं मात्र वाईट वाटते," ते म्हणाले. "तसा जळलेला हात घेऊन कॅमेऱ्यासमोर बसला बिचारा. तो काई पुन्हा बोलणार नाही."

चहा आला. नसीमबानोनं कप हातात घेतला, अर्धा प्याली, आणि आपल्याला बाजारात जाऊन यायचं आहे म्हणाली. गजालालाही तिनं बरोबर घेतलं. जिना उतरून गल्लीत आल्यावर ती हारांच्या टोपल्यांशी उभी राहिली.

"देवमनच्या हाताचं तू सांगतलं होतं का त्यायले?"

नाही, गजाला म्हणाली. कोणालाच नाही. हातावरून माणूस ओळखू येईल, म्हणून तर तिनं चित्र काळं केलं होतं. मग तिनं घाईघाईनं दुसरी कारणं शोधायला सुरुवात केली. काका कृषी खात्यात होते, गोदामं पाहिलेली, असे हात पाहिलेले. कुठून तरी ऐकलं असेल. पार्बताबाईनं सांगितलं असेल.

"काळ्या चित्रात हात दिसत नाही," नसीमबानो म्हणाली. "तो माणूस कोन, ते ज्याले माहीत नाही, त्याले त्याचा हात कसा माहीत?"

गजाला तिच्यावर चिडली. तुला पहिल्यापासून काका आवडत नव्हते, असं काहीतरी ती बोलली. माझे सख्खे भाऊ मला घरात कोंडत होते तेव्हा तू गप्प होतीस आणि तो परका माणूस माझ्यासाठी बोलला, असंही बोलली. हे खरं होतं. नसीमबानोनं ते ऐकून घेतलं.

"म्हणून तर तूच विचार त्यायले," ती म्हणाली. "मी विचारलं तर ते मले उत्तर देतीन. तुले खरं सांगतीन."

५

मोनाली आणि कुंदनला धर्मशाळेकडे पाठवून गजालानं दार लावलं. केशवराव तिच्याच खुर्चीवर बसले होते. ती समोर उभी राहिली. विचारायचं होतं ते तिच्या तोंडून बाहेर येईना, तेव्हा सुरुवात नसीमबानोनं केली, वर्गात फळ्यापाशी उभं राहून बोलावं तशी.

लाइट गेली होती, ती म्हणाली. मोनालीचा कम्प्युटर बंद होता आणि ती खाली होती. गजालाच्या कम्प्युटरवर सगळं मिटलेलं होतं. तरी डिस्क वापरात होती. लाइटशिवाय चालणारं आणि तारेला जोडलेलं एकच यंत्र या जागेत होतं, कुंदनचा लॅपटॉप. कुंदन स्टँडवर होता. तो परत आला तेव्हा भरलेली बॅटरी रिकामी झाली होती. म्हणजे ते यंत्र कोणीतरी बराच वेळ चालवलं. त्या खोलीत तुम्ही होतात. तुम्ही म्हणता, कागद वाचत होतो. त्या खोलीला खिडकी नाही, केशवरावजी. लाइट गेल्यावर तिथं हात समोर धरला तर दिसत नाही. उजेड होता तो लॅपटॉपचा.



"शाळेत दोन पोरींचं सारखंच चुकीचं उत्तर आलं, की मी समजो, एकीनं दुसरीचं पाह्यलं," नसीमबानो म्हणाली. "तुमी तो हात पाह्यला. तो एकाच चित्रात दिसते."

आता गजालाला एक गोष्ट आठवली. काल डिस्क निघत नाही म्हटल्यावर ती उठली होती. मागच्या खोलीत काही उघडं राहिलं आहे का, ते पाहायला निघाली होती. तेव्हा केशवराव स्वतःच दारात आले होते. दार मागे ओढून घेऊन ते म्हणाले होते, डिस्क ओढून घे ना, काही होत नाही, गाडी चुकन. माऊस धरता येत नाही म्हणणाऱ्या माणसानं तिला डिस्क कशी काढायची ते सांगितलं होतं, आणि तिनं त्यांचं ऐकलं होतं.

"तुमी मले आत येऊ दिलं नाही," ती म्हणाली. "म्हणून ओढ म्हटलं."

केशवरावांनी चष्मा काढला. बोलले तेव्हा त्यांनी काही नाकारलं नाही.

त्यांच्या मुलीचा नवरा मोर्शीत वाहतुकीचा धंदा करतो, असं ते सगळ्यांना सांगत. धंदा बियाण्याचा होता आणि देवमनचा मालक तोच होता. दुकान दुसऱ्याच्या नावावर होतं, आणि हे त्यांनाही लग्नानंतर कळलं होतं. काळ्या चित्रातला माणूस गोदामाचं वर्णन करू लागला, तेव्हा ती खोली आपण पाहिलेली आहे असं त्यांना वाटलं. खात्री करायला ते कुंदनकडून, सहज म्हणून, डिस्क कशी उघडायची ते शिकले. काल संधी मिळाली. देवमनला त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. दिवाळीत त्यानं त्यांच्यासाठी संत्र्यांची पेटी गाडीत ठेवली होती.

संध्याकाळी मोर्शीला जाऊन त्यांनी जावयाला सगळं सांगितलं. हे बंद कर, माणसं बोलू लागली आहेत, असं समजावलं. कोण माणसं, असं जावयानं विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. मुलगी शेजारीच बसली होती, मांडीवर मूल घेऊन.

"त्याले हात लावशील तर माह्याशी गाठ हाये, असं मी म्हटलं होतं," ते म्हणाले.

"लावला," गजाला म्हणाली. "आज सकाळी."

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून ते खरंच माहीत नव्हतं हे तिला समजलं, आणि त्यानं काहीच हलकं झालं नाही. तिच्या मनात दुसरीच गोष्ट अडकली होती. देवमनचं नाव त्यांनी मुलीच्या संसारासाठी दिलं, हे ती एखाद्या दिवशी समजू शकली असती. पण काल बसमध्ये बसून, जावयाकडे जाता जाता, त्यांनी तिचा फोन घेतला होता. आपण डिस्क मारली म्हणून ती रडत होती, आणि खरं काय ते त्यांना ठाऊक होतं.

"मी फोनवर रडत होती," ती म्हणाली. "तुमी म्हटलं, होते चूक, बेटा. मले बेटा म्हटलं तुमी."

केशवराव म्हणाले, मुलीचं घर होतं, गजाला. मी काय करणार होतो?

तिनं दार उघडलं आणि ते बाहेर जाईपर्यंत दाराला धरून उभी राहिली.

६

मंगळवारी सुनावणी झाली. केशवराव आले नाहीत, प्रकृतीचं कारण कळवलं. गजाला बोलली. बायांची चित्रणं दाखवली गेली आणि हिवरखेडची एक म्हातारी स्वतः उभी राहून समितीला पऱ्हाटीची उंची हातानं दाखवून गेली. समितीनं मन लावून पाहिलं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं की बियाणं बोगस निघालं हे दिसतं, ते कोणी बोगस केलं याचा पुरावा आहे का? गजाला म्हणाली, आहे, पण तो ज्या माणसाचा आहे त्याची परवानगी घ्यावी लागेल. त्यांनी तिला शनिवारपर्यंतची मुदत दिली.

ती डिस्क आणि कुंदनचा लॅपटॉप घेऊन चिखलदऱ्याला गेली. बरोबर पार्बताबाई होती. घाट चढताना पार्बताबाई खिडकीबाहेर पाहत होती. ती एकदाच बोलली. देवमन बोलायला तयार नव्हता, आपणच त्याला बोल म्हटलं होतं, असं तिनं सांगितलं. तिच्या दुसऱ्या एका भावाचंही शेत त्याच बियाण्यानं गेलं होतं.

देवमन मेव्हण्याबरोबर कॉफीच्या मळ्यात कामाला लागला होता. एका डोळ्याखाली काळं-निळं होतं. त्यानं दोघींना मळ्याच्या कडेला दगडावर बसवलं आणि पाणी दिलं. गजालानं त्याच्यापासून काही लपवलं नाही. नाव कोणी दिलं, चित्रण कसं पाहिलं गेलं, डिस्क कोणाच्या ऑफिसात, कोणाच्या भरवशावर उघडी पडली होती, सगळं सांगितलं. मग समितीचं सांगितलं. हे चित्रण, काळं करून का होईना, दाखवलं तर गोदामाला कुलूप लागेल आणि दाखवलं नाही तर पेरणीला तीच सरकी पुन्हा गावोगाव जाईल.

देवमननं सगळं ऐकलं. मग त्यानं चित्रण पाहायला मागितलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यानं स्वतःला झाडाखाली बसलेलं पाहिलं, शेवटपर्यंत.

"चांगलं बोललो मी," तो म्हणाला. "आता पुसून टाका."

गजालानं त्याला विचार करायला सांगितलं. आपण स्वतः समितीकडे नेऊ, संरक्षण मागू, म्हणाली. पार्बताबाईनंही त्याला दोन शब्द सुनावले. तो चिडला नाही. चेहरा दिसणार नाही, असं तुम्ही म्हणाल्या होत्या, एवढंच तो म्हणाला.

तिनं त्याच्यासमोर मूळ आणि काळवंडलेली अशा दोन्ही प्रती पुसल्या; या चित्रणाची तिसरी प्रत तिनं कुठेच ठेवली नव्हती. एकदा पुसलेली फाइल परत आणता येते हे तिला खालाकडून कळलं होतं, म्हणून परत न येण्यासाठी काय करायचं तेही ती शिकून आली होती. तिनं ते केलं. त्याला वेळ लागला. देवमन पडद्याकडे पाहत बाजूला बसून राहिला.

काम झाल्यावर त्यानं विचारलं, ते केशवराव तुमचे कोन?

गजाला लॅपटॉप पिशवीत ठेवत होती.

"मी त्यायले काका म्हणत होती," ती म्हणाली.

देवमननं मान हलवली, जसं त्याला हे पुरेसं समजलं. मग तो उठला आणि परतीची गाडी कुठून मिळते ते दाखवायला दोघींच्या पुढे चालू लागला.